ढगाळ सकाळी शिकारी पक्ष्यांचे फोटो

आभाळ भरून आलं की बरेच जण कॅमेरा बॅगेतच ठेवतात. मी अशा सकाळी मुद्दाम बाहेर पडते. घार, शिक्रा, गरुड यांच्या डोळ्यांवर भुवईसारखा हाडाचा कंगोरा पुढे आलेला असतो. कडक उन्हात त्याची सावली डोळ्यात पडते आणि फोटोत डोळ्याच्या जागी नुसता काळा खड्डा दिसतो. ढगाळ उजेड चहूबाजूंनी येतो, त्यामुळे बुबुळाचा रंगसुद्धा नीट उतरतो. अडचण एकच, तो उजेड पुरत नाही.

आधी आयएसओची, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेची, भीती सोडा. तो आकडा वाढवला की अंधुक उजेडातही शटर वेगात ठेवता येतं, पण फोटोत बारीक ठिपके, म्हणजे दाणे, येतात. सुरुवातीची दोन वर्षं मी हट्टाने ८०० च्या वर गेले नाही. त्या काळातले माझे शिक्र्याचे फोटो जवळजवळ सगळे हललेले आहेत. दाणे सॉफ्टवेअरने बरेच कमी करता येतात, हललेल्या फोटोला इलाज नाही. आता मी ३२०० सहज वापरते, वेळ आली तर ६४००.

मोड मॅन्युअल, अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं, शटरचा वेग माझ्या हातात आणि आयएसओ ऑटोवर. टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) काढून ठेवा, १.४ पटीचा एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड खातो, २ पटीचा दोन. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच, घ्या.

एक्स्पोजरमध्ये मात्र कंजुषी नको. करड्या आभाळापुढे उडणारी घार कॅमेरा काळीठिक्कर करतो. तिथे मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ ते +१.७ देते, आभाळ पांढरं पडलं तरी चालेल. कमी आयएसओवर अंधारा फोटो काढून तो नंतर उजळायला गेलात, तर सावलीतल्या पिसांत दाणेच दाणे निघतात. पक्षी गर्द झाडीपुढे बसलेला असेल तर उलट, −०.७ च्या आसपास.

बसलेल्या पक्ष्याला १/२५० सेकंदाचं शटर पुरतं, लेन्स बीनबॅगवर टेकवली तर १/१२५ सुद्धा. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पक्ष्याची मान नाही. शिकारी पक्षी मान झटक्याने वळवतो आणि क्षणभर थांबवतो. त्या थांब्यावर पाच-सहा फोटोंचा बर्स्ट (सलग झटपट फोटो) घ्या, त्यातला एखादा तरी स्पष्ट निघतो.

उड्डाणासाठी १/१६०० हवं, आणि तेवढा उजेड नेमका नसतो. म्हणून मी अशा दिवशी कापशी शोधते. ही घार हवेत एका जागी पंख मारत खालचं गवत न्याहाळते, तेव्हा तिचं डोकं खिळा ठोकल्यासारखं स्थिर असतं. १/४०० ला घेतलेल्या माझ्या एका फोटोत लाल डोळा, चोचीचं टोक अगदी स्पष्ट आहे, पंखांची टोकं धुरासारखी विरलेली आहेत. मला तो गोठवलेल्या पंखांच्या फोटोंहून जास्त आवडतो. ती वाऱ्याकडे तोंड करून थांबते, तेव्हा वारा आपल्या पाठीवर घेऊन उभं राहा. चेहरा समोरून मिळतो.

बसलेला पक्षी उडणार हे बरेचदा आधी कळतं. तो शिटतो, पिसं अंगासरशी घेतो, पुढे झुकतो. दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात शटरचं चाक फिरवणं मला जमत नाही, म्हणून १/१६०० ची सेटिंग मी कॅमेऱ्याच्या कस्टम मोडवर साठवून ठेवली आहे.

अंधुक उजेडात ऑटोफोकस चाचपडतो. मधला एकच पॉइंट निवडा आणि तो जिथे गडद-फिका रंग भेटतो तिथे धरा, म्हणजे डोळ्याच्या कडेवर किंवा चोचीच्या मुळाशी. छातीच्या एकसारख्या पिसांवर तो घसरतो.

घुबडांवर फ्लॅश मारू नका, तो डोळे दिपवतो आणि त्यांची शिकार त्याच डोळ्यांवर चालते. घरट्याजवळ तर मी कॅमेरा काढतच नाही. पक्षी ओरडून डोक्यावर घिरट्या घालू लागला, तर घरटं जवळच असण्याची शक्यता असते; तिथून लगेच निघा.

घरी आल्यावर आधी दाणे कमी करते, मग शार्पनिंग (कडा ठळक करणं), तेही फक्त डोळा, चोच आणि चेहऱ्याच्या पिसांवर. मागच्या आभाळाला ते लावलं की काढलेले दाणे पुन्हा वर येतात.