एसटीएम३२च्या आतल्या फ्लॅशवर लिटलएफएस: माझा अनुभव

बोर्डावर एसडी कार्डाला जागा नव्हती, म्हणून सेटिंग्ज आणि छोटा लॉग एसटीएम३२एल४३२केसी या मायक्रोकंट्रोलर चिपच्या २५६ केबी फ्लॅशमध्येच (वीज गेली तरी टिकणाऱ्या, कोड असलेल्या मेमरीत) ठेवायचं ठरवलं. शेवटचे ३२ केबी, म्हणजे २ केबीची १६ पानं (पान म्हणजे एका वेळी पुसता येणारा तुकडा), लिटलएफएस या छोट्या चिपसाठीच्या फाईल सिस्टीमला दिली. लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोड मेमरीत कुठे बसवायचा ते सांगणाऱ्या फाईलमध्ये) फ्लॅशची लांबी २२४के केली, नाहीतर कोड वाढत वाढत फाईलींच्या डोक्यावर येऊन बसतो.

पण फॉरमॅटच होईना. नेटवरून घेतलेल्या तयार कोडमध्ये प्रोग-साईझ, म्हणजे लिटलएफएस एका वेळी कमीत कमी किती बाइट लिहील तो आकडा, ४ होती. एल४ मालिकेत फ्लॅश ८ बाइटच्या घासानेच लिहिली जाते. सोबत ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणारे जादा बिट) असते, त्यामुळे लिहिलेल्या डबलवर्डवर (८ बाइटच्या घासावर) पान पुसल्याशिवाय दुसरा मजकूर लिहिता येत नाही. चिपचं एरर रजिस्टर वाचलं तर अलाइनमेंटचा बिट लागलेला, म्हणजे पत्ता ८ च्या पटीत नव्हता. प्रोग-साईझ ८, ब्लॉक-साईझ (एका वेळी पुसायचा तुकडा) २०४८ केली आणि गाडी रुळावर आली.

खरी डोकेदुखी पुढे होती. लॉग लिहिताना अधूनमधून सिरीयल पोर्टवरचे बाइट गळायचे. एक पान पुसायला वीसेक मिलिसेकंद लागतात आणि कोडही त्याच फ्लॅशमधून चालत असल्याने तेवढा वेळ प्रोसेसर थिजतो, इंटरप्टही (बाइट आला की प्रोसेसरला मिळणारी हाक) थांबतात. ९६०० बॉडला (सिरीयल पोर्टचा वेग) एवढ्या वेळात वीसेक बाइट सहज येऊन जातात. रिसीव्ह डीएमएवर (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरवर) टाकून रॅममधल्या गोल बफरमध्ये घेतलं, गळती थांबली.

लिटलएफएस वीज गेली तरी सावरतं म्हणतात ते खरं, पण नवं लिहिलेलं टिकतं ते फाईल सिंक (बफरमधलं फ्लॅशमध्ये पक्कं) किंवा क्लोज केल्यावरच. आणि पानांचं आयुष्य १०,००० वेळा पुसण्याचं, तेव्हा प्रत्येक रीडिंगला सिंक करू नका. मी थोडी रीडिंग्ज साठवून एकदम लिहितो.