सीपॅप मशीनच्या टाकीतलं पाणी रोज बदला

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन; ती हवा ओलसर ठेवायला त्याच्या टाकीत पाणी असतं. टाकीत उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाका आणि टाकी उघडी करून सुकू द्या. कालच्याच पाण्यात वरून भर घालू नका. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि ती ओल थेट आपल्या श्वासात जाते.

पाणी डिस्टिल्डच हवं. आमच्याकडे बाबांच्या मशीनमध्ये काही दिवस बोअरचं पाणी घातलं, तर पाणी तापवायच्या पातेल्यात धरतो तसा पांढरा, खरखरीत थर टाकीच्या तळाशी बसला. असं झालं तर एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी घालून अर्धा तास ठेवा, मग वास जाईपर्यंत विसळा.

मास्कची सिलिकॉनची गादीही रोज पुसा. चेहऱ्याच्या तेलाने ती बुळबुळीत होते, घसरते आणि रात्रभर कडेने हवा सुटत राहते. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे; ब्लीच, स्पिरिट अजिबात नको.

नळी आठवड्यातून एकदा धुऊन सावलीत दोरीवर टांगा. मशीनमध्ये हवा गाळणारा पांढरा पातळ फिल्टर मात्र धुवायचा नसतो, करडा दिसला की बदलायचा.