आधी शिसं सरळ करा, मग क्लास्पला नावं ठेवा

गेल्या पावसाळ्यात आमच्या सदाशिव पेठेतल्या लॅबमध्ये एक कास्ट पार्शल, म्हणजे काही दातांपुरती धातूच्या ओतीव सांगाड्याची कवळी, परत आलं. तोंडात अर्ध्यावर अडकत होतं. ओतकामात खोट शोधण्यात दोन दिवस घातले आणि दोष निघाला सर्व्हेअरच्या शिशात, म्हणजे दातांच्या साच्यावर (मॉडेलवर) फुगवट्याची रेघ आखणाऱ्या उभ्या यंत्राच्या पेन्सिल-कांडीत! कडेला झिजून खोबण पडलेली, म्हणून दातावर रेघ मारत होतं नुसतं टोक. टोकाची रेघ खऱ्या फुगवट्याच्या खाली उतरते. तिच्या वर निर्धास्तपणे ठेवलेला क्लास्पचा (दाताला धरणाऱ्या आकडीचा) ताठ भाग मग अंडरकटमध्येच, म्हणजे फुगवट्याखालच्या आत वळलेल्या जागेत बसतो आणि अडकतो. कोबाल्ट-क्रोमच्या क्लास्पच्या लवचीक टोकाला अंडरकट हवा असतो ०.२५ मिमी. तेवढ्या हिशेबात वाकडं शिसं परवडत नाही.

आता मी अप्पा बळवंत चौकातून क्लच पेन्सिलच्या २ मिमी कांड्या आणते. आमच्या सर्व्हेअरच्या चकमध्ये (कांडी पकडणाऱ्या तोंडात) त्या घट्ट बसतात. तुम्ही मात्र जुनं शिसं व्हर्नियरने मोजूनच निघा. एचबी घ्या. टूबी उमटते झकास, पण चार दातांत झिजते.

कांडी मोडू नये म्हणून पाठीला आधार हवा. बोहरी आळीतून आतून २ मिमीची पितळी नळी आणा, सेपरेटिंग डिस्कने उभी चिरा आणि निम्म्याहून जरा कमी पन्हळ ठेवा. निम्म्याहून जास्त ठेवलीत तर दाताला पितळच घासेल. ही पन्हळ चकच्या खाली, कांडीच्या पाठीला फेविक्विकच्या थेंबाने चिकटवा. कांडी संपली की ॲसिटोनमध्ये टाका, सुटते. टोकाला ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पटाशीसारखा उतार द्या, तोही पाठीच्याच बाजूने. दाताकडची कड टोकापर्यंत सरळ राहिली पाहिजे.

खरी गंमत गुण्याची. सुताराचा छोटा गुण्या सर्व्हेअरच्या पाटावर उभा करा, शिसं त्याला टेकवा, मागे बॅटरी धरा. मधून उजेड दिसला तर शिसं तिरकं बसलंय किंवा झिजलंय. तिरकं असेल तर चकमध्ये पुन्हा बसवा, झिजलं असेल तर फेका. हात आखडू नका, कांडी स्वस्त आहे. मी प्रत्येक मॉडेलआधी हे बघते. आमचा पोरगा हसतो, हसू दे.

मॉडेल कोरडंच हवं, ओल्या स्टोनवर (मॉडेलच्या कडक प्लास्टरवर) शिसं घसरतं. रेघ मारताना टोक हिरडीच्या पातळीला ठेवा, दाताला शिशाची कडच लागू द्या. टोकाची वेगळी रेघ हिरडीवर उमटेल, तिच्याकडे बघू नका.