नवजात फुफ्फुस आणि जादा ऑक्सिजन: या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

जादा ऑक्सिजनमुळे नवजात फुफ्फुसाच्या वाढीवर काय परिणाम होतो, या विषयावर पीएचडी सुरू केली तेव्हा काम मला सोपे वाटले होते: उंदरांची पिल्ले ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये ठेवायची, चौदाव्या दिवशी फुफ्फुसे काढायची आणि फरक मोजायचा. यातले ठेवणे आणि काढणे लवकर हाताला बसले. मोजणे शिकण्यात मात्र दोन वर्षे गेली.

या कामासाठी उंदीर का निवडतात, हे आधी नीट समजून घ्यावे. उंदराचे पिल्लू पूर्ण दिवसांचे जन्मले, तरी त्याचे फुफ्फुस साधारण अपुऱ्या दिवसांच्या मानवी बाळाच्या फुफ्फुसाइतकेच घडलेले असते, म्हणजे हवेच्या पिशव्या तयार असतात, पण त्या पिशव्यांच्या भिंतींतून उगवणारे आणि एका पिशवीचे अनेक वायुकोश करणारे पडदे जन्मानंतर चौथ्या-पाचव्या दिवसापासून फुटू लागतात. नेमक्या याच काळात हवेतल्या २१ टक्क्यांऐवजी ८५ टक्के ऑक्सिजन मिळत राहिला, तर पडदे फुटणे मंदावते, रक्तवाहिन्यांच्या वाढीला लागणारे व्हीईजीएफ हे प्रथिन घटते, आणि स्लाइडवर बारीक जाळीऐवजी मोजक्या, मोठ्या, साध्या पोकळ्या दिसतात.

वाचन करताना एक पथ्य पाळावे. नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ज्या ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेझियाचे, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसाच्या आजाराचे, वर्णन केले, तो व्हेंटिलेटर आणि भरपूर ऑक्सिजन मिळालेल्या बाळांमधला, व्रण आणि दाट तंतूंनी ओळखला जाणारा आजार होता. सर्फॅक्टंट (फुफ्फुसातल्या पिशव्या मिटू न देणारे औषध) आणि सौम्य व्हेंटिलेशन आल्यानंतर जगू लागलेल्या, त्याहून लहान बाळांमध्ये मुख्यतः वायुकोशांची खुंटलेली वाढ दिसते. नाव एकच असले तरी चित्र वेगळे असल्याने जुन्या पेपरातला निष्कर्ष नव्या प्रयोगावर तसाच लादू नये. तसेच ‘ऑक्सिजन म्हणजे विष’ असे सरसकट विधानही करू नये. अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील मोठ्या चाचण्यांमध्ये रक्तातील ऑक्सिजनची पातळी ९१ ते ९५ टक्क्यांऐवजी ८५ ते ८९ टक्के ठेवली, तेव्हा डोळ्यांच्या पडद्याच्या आजारावर उपचार करण्याची वेळ कमी आली, पण मृत्यू वाढले. पहिल्याच परिसंवादात मी तसे विधान केले होते, आणि एका नवजात-तज्ज्ञाने हीच आकडेवारी शांतपणे माझ्यासमोर ठेवली होती.

प्रत्यक्ष कामात सर्वांत आधी पिल्लांच्या आयांची काळजी घ्यावी लागते. इतका ऑक्सिजन प्रौढ उंदरांना पिल्लांपेक्षा कमी सोसतो, म्हणून चेंबरमधली आई आणि साध्या हवेतली आई दर २४ तासांनी अदलाबदल करावी लागते, सुट्टीच्या दिवशीही. जन्माच्याच दिवशी वेगवेगळ्या विणींची पिल्ले एकत्र करून दोन्ही गटांत सारखी वाटावीत, कारण एका विणीची सहा पिल्ले म्हणजे सहा स्वतंत्र नोंदी नव्हेत, आणि कमी पिल्लांच्या विणीत प्रत्येकाला दूध जास्त मिळून वजनात पडणारा फरक ऑक्सिजनच्या खात्यावर जमा होतो.

माझी स्वतःची चूक मात्र याहून साधी होती. श्वासनलिकेत नळी घालून, २५ सेंटिमीटर उंचीवरच्या फॉर्मेलिनच्या (ऊती टिकवणाऱ्या द्रवाच्या) दाबाने फुफ्फुस फुगवायचे, मग दोऱ्याने श्वासनलिका बांधायची, अशी पद्धत असते. दाब सारखा नसेल तर पोकळ्यांची मापे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. पहिल्या मोठ्या तुकडीत दोन्ही गटांतला फरक इतका ठळक आला की मी त्याच संध्याकाळी आलेख काढून ठेवला. प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ सहकारी ताईंनी आलेख पाहून एवढेच विचारले, “फुफ्फुसे कोणत्या क्रमाने भरलीस?” मी आधी सगळी ऑक्सिजनची भरली होती आणि नंतर साध्या हवेची, दरम्यान वरच्या सिरिंजमधले फॉर्मेलिन उतरत गेले होते आणि ते पुन्हा भरायचे माझ्या लक्षातच आले नव्हते. म्हणजे एक गट जास्त दाबाने फुगला होता, दुसरा कमी दाबाने, आणि त्या सुंदर फरकातला ऑक्सिजनचा वाटा किती, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. ती सगळी तुकडी बाद करावी लागली.

पुढच्या तुकडीत दोन्ही गटांची फुफ्फुसे आलटून पालटून भरली, स्लाइडवर गटाचे नाव न लिहिता सांकेतिक क्रमांक टाकले, आणि क्रमांकांची यादी मोजणी संपेपर्यंत ताईंकडे ठेवली. फरक पुन्हा दिसला, पण आधीपेक्षा बराच लहान. तेव्हापासून वहीत प्रत्येक फुफ्फुसापुढे भरण्याची वेळ आणि फॉर्मेलिनची पातळी लिहायची सवय लागली आहे.