झेडपीच्या लेखा विभागात लागलाय? मग आधी हेड विचारायला शिका

माझी ऑर्डर आली २०१८ ला, अनुकंपावर. वडील मंगळवेढ्याकडं झेडपीच्या शाळेत मास्तर होते, ते गेले, मग यादीत नाव वर सरकायची वाट बघत बसले आणि शेवटी कनिष्ठ सहायक लेखा म्हणून लागले. बीकॉम झालेलं, टॅली येत होतं, वाटलं हिशोबच तर आहे, त्यात काय एवढं. पहिल्या दिवशी सोलापूर झेडपीच्या पूनम गेटमधून आत जाताना बाहेर मंडप टाकून उपोषण चाललेलं, स्पीकर चालू, मी शिपाई मामांना विचारलं आज काय विशेष आहे का, तर म्हणले मॅडम हे रोजचंच आहे, ज्या दिवशी नसेल त्या दिवशी विचारा.

दर भरतीनंतर नवीन पोरंपोरी येतात आणि पहिल्या महिन्यात सगळ्यांचा तोच गोंधळ होतो जो माझा झाला होता, म्हणून लिहितेय.

परीक्षेला पाठ केलेलं तुम्हाला येतच असेल, १९६१ चा कायदा, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू, ७३ वी घटनादुरुस्ती वगैरे. ते असू द्या. सोलापूरचं सांगायचं तर ११ तालुके, २०१७ च्या निवडणुकीत ६८ गट म्हणजे ६८ सदस्य, शिवाय ११ पंचायत समित्यांचे सभापती पदसिद्ध सदस्य, म्हणजे सभेला सगळे आले तर ७९ माणसं. खाली हजाराच्या वर ग्रामपंचायती. एका बाजूला अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती आणि दुसऱ्या बाजूला सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, खातेप्रमुख. आपले मोठे साहेब म्हणजे कॅफो, मुख्य लेखा व वित्त अधिकारी, ते अर्थ समितीचे सचिव पण असतात, त्यामुळं दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं काम त्यांच्याकडं आणि त्यांच्याकडून ते आपल्या टेबलावर.

आता मुख्य गोष्ट. मला वाटायचं झेडपीची एक मोठी तिजोरी असेल, पैसा आला की त्यात पडतो आणि सभेत हात वर करून वाटून घेतात. तसं काहीच नाही ओ. येणाऱ्या प्रत्येक रुपयाच्या कपाळावर आधीच शिक्का मारलेला असतो, कशावर खर्च करायचा त्याचा, त्यालाच हेड म्हणतात, म्हणजे लेखाशीर्ष. शिक्षकांचे पगार, आरोग्यवाल्यांचे पगार, हा सगळ्यात मोठा आकडा, पण तो राज्याकडून येतो आणि जसाच्या तसा जातो, त्यात आपण फक्त पोस्टमन. बजेटचा आकडा पेपरात वाचून घरचे म्हणतात बाई केवढे कोटी, त्यातलं सदस्यांना स्वतःच्या मनानं ठरवता येतं ते सेस, म्हणजे स्वतःचं उत्पन्न. जमीन महसुलावरचा उपकर, मालमत्ता खरेदीवरच्या एक टक्का जादा मुद्रांक शुल्कातला वाटा (त्यातला निम्मा ग्रामपंचायतींना जातो), ठेवींचं व्याज, गाळ्यांचं भाडं, असलं काहीबाही.

आणि त्या सेसला पण हात लावायच्या आधी कापाकापी. २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग. समजा १० कोटी आहेत तर साडेतीन कोटी इथंच बाजूला गेले, पाणीपुरवठ्याच्या देखभालीचं आणखी वेगळं. उरलेल्यात ६८ जणांना प्रत्येकी फक्त ५ लाखाची कामं द्यायची म्हटली तरी ३ कोटी ४० लाख लागतात. त्यामुळं सभेत आवाज का चढतात ते हा गुणाकार केला की कळतं, राजकारण त्याच्यानंतर येतं.

दुसरा मोठा झरा म्हणजे जिल्हा नियोजन समिती, डीपीसी. अध्यक्ष पालकमंत्री, आणि घटनेप्रमाणं किमान चार पंचमांश सदस्य झेडपी आणि नगरपालिका-महापालिकेच्या निवडून आलेल्यांमधून. तिथून रस्ते, शाळाखोल्या, अंगणवाड्या, दवाखाने, जनसुविधा असं हेडवार येतं. ऑफिसात कोणी हेडचं पूर्ण नाव घेत नाही, तीस-चोपन्न, पन्नास-चोपन्न, पंचवीस-पंधरा असंच बोलतात. ३०५४ म्हणजे रस्त्यांची देखभाल दुरुस्ती, ५०५४ म्हणजे रस्त्यांचा भांडवली खर्च, २५१५ म्हणजे ग्रामविकासाचं, गावातली मूलभूत सुविधांची कामं. पहिले पंधरा दिवस मला वाटायचं हे लोक बसचे नंबर सांगतायत.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. दायित्व. समजा एका हेडला यावर्षी २ कोटी मंजूर झाले. पण मागच्या वर्षी चालू केलेल्या कामांची १ कोटी २० लाखाची बिलं अजून यायची आहेत, ते झालं दायित्व, ते आधी वजा. राहिले ८० लाख. त्याच्या दीडपट, म्हणजे १ कोटी २० लाखाची नवीन कामं धरायची, कारण सगळी कामं एका वर्षात पूर्ण होऊन बिलं येत नाहीत. डीपीसीचा पैसा झेडपीला आला त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी खर्च करता येतो, दुसऱ्या मार्चला उरला की शासनजमा. आता दायित्वाचा आकडा चुकला तर काय होतं बघा, कमी धरला तर ठेकेदार बिल घेऊन दारात आणि पैसे नाहीत, जास्त धरला तर नवीन कामं कमी निघतात आणि पैसा परत जातो, दोन्हीकडून शिव्या. हा आकडा बहुतेक वेळा आपल्यासारख्याच कुणीतरी रजिस्टर बघून काढलेला असतो. म्हणून तालुक्यातून फोनवर आलेला आकडा कधी लिहायचा नाही, कागद मागायचा.

केंद्राच्या वित्त आयोगाच्या पैशाचं तिसरंच. पंधराव्या आयोगात राज्यानं ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० झेडपीला असं ठरवलेलं. २०२१-२२ पासून त्यात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता, आणि ४० अबंधित. माझी मोठी चूक इथलीच. एका तालुक्याच्या ऑफिसला काही महिने होते तेव्हा अंगणवाडी दुरुस्तीची तीन कामं मी बंधितच्या यादीत टाकली, नाव होतं 'अंगणवाडी दुरुस्ती व नळजोडणी', नळ दिसला आणि टाकलं. नळाचा खर्च किरकोळ, बाकी सगळा पत्रा आणि फरशी. फाईल दोनदा फिरून आली, तिसऱ्यांदा भाऊसाहेबांनी (सीनियर होते, रिटायरमेंटला आलेले) समोर बसवून घेतलं आणि म्हणले, पोरी, कामाचं नाव वाचू नको, अंदाजपत्रक वाच.

कामाचा प्रवास थोडक्यात सांगते, ग्रामसभेचा ठराव आणि गावाचा आराखडा, तिथून पंचायत समिती, खातं, यादी मंजूर, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर नाहीतर काम वाटप, कार्यारंभ आदेश, काम, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, बिल, आणि मग आपण. यातला एक कागद मागंपुढं तारखेचा असला तरी ऑडिटला परा म्हणजे लेखी आक्षेप पडतो आणि तो परा तुमची बदली झाली तरी तुमच्या मागं येतो.

सर्वसाधारण सभा एकदा तरी बघाच, साहेबांची फाईल धरायला म्हणून का होईना. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मागचं इतिवृत्त कायम करण्यावरच लै वेळ वाद चालला, आम्ही बोललो ते लिहिलंच नाही म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं टाइमपास, पण इतिवृत्तात नाही ते झालंच नाही, हे जुन्या सदस्यांना बरोबर माहीत असतं. त्यातच एक ताई उठल्या, फार शिकलेल्या वाटत नव्हत्या, समोरून कोणीतरी आश्वासन देत होतं की तुमचा रस्ता धरतो म्हणून, ताई एवढंच म्हणल्या, कुठल्या हेडला धरता ते सांगा. सभागृह हसलं, साहेबांनी मात्र वळून माझ्याकडंच हेडवार यादी मागितली.

मार्च २०२२ ला त्या सदस्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात, निवडणूक लांबली, सीईओ साहेबच प्रशासक. खरं सांगू का, पहिले काही महिने ऑफिसात शांत वाटलं. फाईल लवकर हलायची, बजेटला सभा नाही की गोंधळ नाही. पण मग लक्षात आलं की लांबच्या गावचा माणूस कामासाठी यायचा तो आधी आपल्या सदस्याला घेऊन यायचा, तेव्हा मात्र तो एकटाच बाकड्यावर बसलेला असायचा आणि कुणाला भेटायचं हे त्याला माहीत नसायचं. मला तरी तो गोंधळ परवडला.

आषाढीच्या आधी कुठलंही महत्त्वाचं काम साचवू नका. दोन्ही मोठ्या पालख्या आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरला जातात, टँकर, शौचालयं, औषधं सगळ्यात झेडपी, आणि लेखावाले म्हणून तुम्हाला कोणी सोडत नाही, मी वेळापूरला ड्युटी केलीय.

आणि मार्च. बजेट २७ मार्चच्या आत मंजूर व्हायला लागतं, त्याच्या पुढचे चार दिवस बीडीएसवर, म्हणजे शासन निधी सोडतं त्या ऑनलाइन सिस्टीमवर, शेवटच्या क्षणी काय पडेल सांगता येत नाही, ३१ ला रात्री अकराला पण निधी येतो आणि बारा वाजायच्या आत बिल लावायचं असतं. घरी आधीच सांगून ठेवा. चार्जर न्या, डबा दोन वेळचा न्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली तर उत्तम, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकते.