गाणं गाजलं, पैसा कुठे गेला? अहिराणी कलाकारांनो, या चुका टाळा

लग्नसराई सुरू झाली की चोपड्यापासून साक्रीपर्यंत हळदीत अहिराणी गाणी वाजतात. त्यातली काही यूट्यूबवर लाखोंनी पाहिली जातात. आणि ते गाणं गाणारा पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी रावेरकडे केळीची गाडी भरायला जातो. अशी पोरं मला माहीत आहेत. गळ्यात सूर आहे, कष्टाची तयारी आहे. पैसा मात्र ठरावीक ठिकाणीच गळतो, आणि ती गळती थांबवता येते.

"आपलाच माणूस शे, कागद कसाले?"

सगळ्यात मोठं नुकसान या एका वाक्यानं केलं आहे. निर्माता नात्यातला, नाहीतर शेजारच्या गावचा. स्टुडिओत एका बैठकीत गाणं होतं, गायकाच्या आणि गीतकाराच्या हातावर दोन-चार हजार टेकवले जातात, गाणं निर्मात्याच्या चॅनेलवर चढतं. ते चाललं की मग भांडणं सुरू.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला (गाणं वापरलं की मिळणाऱ्या मोबदल्यातला) आपला वाटा निर्मात्याला सोडून देताच येत नाही. तेव्हा तोंडी सौदा होऊन गेला असेल तरी हात झटकून बसू नका. रेकॉर्डिंगचा मालक मात्र ते पुढाकार घेऊन, खर्च करून घडवणारा निर्माता धरला जातो, हेही ध्यानात ठेवूनच बोलणी करा.

कागद एका पानाचा पुरतो. बोल कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा, कोणत्या चॅनेलवर, किती वर्षं, कमाईतला टक्का किती आणि हिशेब कोणत्या महिन्यात. जवळच्या माणसाशी हे बोलायला जड जातं, मान्य. पण नाती तुटतात ती पैशाचं आधी न बोलल्यामुळेच.

हळदीत वाजलं म्हणून रॉयल्टी मोजू नका

"पाचशे लग्नांत वाजलं, मग पैसे का नाहीत?" हा प्रश्न नेहमी येतो. कायद्यातच लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. डीजेवाल्याशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, तिकिटाचे कार्यक्रम, ऑनलाइन वापर इथे मात्र हक्क लागू होतात. हे पैसे गोळा करून कलाकारांना देणाऱ्या संस्था आहेत. गीतकार-संगीतकारांनी त्यातल्या आयपीआरएसचं सभासद व्हावं, गायक-वादकांनी इसामराचं. नुसतं सभासद होऊन भागत नाही. प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं. आपल्याकडे बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

स्वतःचं चॅनेल आहे, तरी पैसे येत नाहीत

जाहिरातींच्या कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज). एवढं झाल्यावरही पैसे अडकतात, त्याची कारणं अगदी साधी असतात.

पहिलं, पत्ता. यूट्यूबची कमाई गूगलच्या अॅडसेन्स खात्यातून मिळते. अॅडसेन्समध्ये १० डॉलर जमले की गूगल पोस्टानं एक पिन (पत्ता पडताळण्याचा आकडा) पाठवतं. चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती बंद होतात. खेड्यातला पत्ता "मु. पो." एवढाच लिहिला की पत्र तालुक्याच्या टपाल कार्यालयात पडून राहतं. वडिलांचं नाव, गल्ली, तालुका, जिल्हा आणि अचूक पिनकोड टाका, आणि पोस्टमनभाऊंना आधी सांगून ठेवा. पत्र आलंच नाही तर खात्यातून दुसरा पिन मागवता येतो.

दुसरं, कराचा फॉर्म. तो भरला नाही तर जगभरच्या कमाईतून २४ टक्के कापले जाऊ शकतात. पॅन क्रमांक टाकून तो भरला की भारतीय कलाकाराची कपात फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर होते, तीही १५ टक्के. आणि १०० डॉलर जमेपर्यंत बँकेत काही येत नाही, तेव्हा पहिल्या महिन्यात घाबरू नका.

चॅनेलचा जीमेल कुणाच्या नावावर आहे, तेही आजच बघा. एडिटिंग करणाऱ्या मित्राच्या मोबाइलवर ओटीपी जात असेल, तर चॅनेल तुमचं नाही.

उचललेली चाल

हिंदी गाण्याच्या चालीवर अहिराणी शब्द बसवले की गाणं पटकन चालतं, आणि कंटेंट आयडीचा (चाल-आवाज ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) दावा येऊन सगळी कमाई मूळ कंपनीकडे जाते. अशा दाव्यावर खोटी हरकत घेऊ नका, चॅनेलवर स्ट्राइक (यूट्यूबचा दंडाचा शेरा) येऊ शकतो. कानबाईच्या सणाची, आखाजीची (अक्षय तृतीयेची) पारंपरिक गाणी कुणाच्या मालकीची नाहीत. ती तुम्ही स्वतः वाजवून, गाऊन टाकू शकता. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग मात्र वापरता येत नाही. तुमच्या अशा अस्सल गाण्यावर कुणी चुकीचा दावा केला तर जरूर हरकत घ्या. समोरच्यानं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही की दावा आपोआप सुटतो. स्टुडिओतले सुटे ट्रॅक तारखेसह जपून ठेवा, पुरावा म्हणून तेच कामी येतात.

सुपारीचा पैसा

सुपारी म्हणजे ठरवून घेतलेला कार्यक्रम. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत त्याची कमाई, पुढे चातुर्मासात शुकशुकाट. २०२६ मध्ये तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच लग्नाच्या तिथ्या नाहीत. अशा वर्षी ड्रोन आणि नव्या कॅमेऱ्यासाठी फायनान्सचा हप्ता गळ्यात घेऊ नका. निम्मा इसार घेतल्याशिवाय तारीख अडवू नका, आणि उरलेले पैसे स्टेजवर चढायच्या आधी घ्या; कार्यक्रम संपल्यावर यजमान सापडत नाही. कानबाईचं गाणं आषाढात तयार ठेवा, श्रावण लागल्यावर स्टुडिओ शोधत फिरू नका.