कंबरेचं ऑपरेशन झालं, आता सामान वर चढवा

बेळगावहून डिस्चार्ज घेऊन माणूस खानापूरच्या घरी येतो आणि पहिल्याच सकाळी जमिनीवरचा तांब्या घ्यायला वाकतो. आपल्याकडचं निम्मं घर जमिनीवर असतं, खरी अडचण तीच. म्हणून पेशंट घरी यायच्या आधी तांब्या, चप्पल, औषधं, मोबाइलचा चार्जर, सगळं कंबरेच्या उंचीवर ठेवा.

नसेवर दाबणारा मणक्यांमधल्या गादीचा तुकडा काढला, तरी गादीच्या आवरणातलं भोक भरायला आठवडे लागतात. वाकून वजन उचललं की आतला गर त्याच बाजूला रेटला जातो. म्हणून सहा आठवडे वाकायचं नाही, कंबर मुरडायची नाही (वळताना पावलं वळवा) आणि दोन-तीन किलोंवर उचलायचं नाही. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो, हे विसरू नका. फिजिओ कानडीत ‘बग्गब्याड्री’ (वाकू नका) म्हणतात, ते हेच.

चटई बंद, पलंग हवा. उठताना आधी गुडघे दुमडा. खांदे आणि कंबर एकदमच कुशीवर वळवा, ओंडका लोटतात तसे. मग पाय खाली सोडत खालच्या कोपराने आणि वरच्या तळहाताने रेटा देत बसते व्हा. बहुतेक जण इथेच चुकतात: सरळ उताणे उठतात, आणि सगळा ताण कंबरेवर येतो.

भारतीय संडासावर कमोडची खुर्ची ठेवा. ट्रामाडोलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी पोट बांधतं आणि कुंथल्याने कंबरेत कळ येते. भरपूर पाणी प्या, डॉक्टरांकडून पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या.

‘महिनाभर पडून राहा’ हा शेजाऱ्यांचा सल्ला ऐकू नका. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा चाला. दर दोन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवा. पावसाळ्यात अंगणात शेवाळ असतं, तेव्हा सोप्यातच फेऱ्या मारा. चालताना कंबर भरून आली तर चालेल. कळ पायात खाली उतरू लागली तर त्या दिवशी अंतर कमी करा. सलग वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. बसने जावंच लागलं तर पुढची सीट धरा, मागच्या चाकावर हादरे जास्त. मोटारसायकल सहा आठवडे नको.

मणके जोडायला स्क्रू-रॉड घातले असतील तर हाड जुळायला महिने लागतात. निपाणी भागात तंबाखू सुटणं अवघड, पण विडी असो वा मळलेली चिमूट, निकोटिनने हाडाचा रक्तपुरवठा घटतो आणि जोड कच्चा राहतो. दुखण्याच्या गोळ्याही विचारल्याशिवाय मेडिकलमधून आणू नका.

लघवी अडली, जांघेत-बैठकीत बधिरपणा आला, पाऊल उचलेना, ताप आला, टाक्यांतून पाणी-पू आला किंवा पोटरी सुजली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. पायातला जुना बधिरपणा मात्र महिनोन्महिने रेंगाळतो. तेवढ्याने घाबरू नका.

सहा आठवड्यांनी फिजिओला विचारून अर्धी बादली उचला: गुडघ्यात वाकून, बादली अंगाजवळ धरून. उसाची मोळी तीन महिन्यांआधी नाही.